ब्युरोचा विमा उतरला, बाईचे काय?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून रोज पहाटे मुंबईच्या दिशेने जाणारा कष्टकऱ्यांचा लोंढा आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यात भाजीवाल्या होत्या, दूधवाले होते, गिरणी-कारखान्यांतले कामगार होते. आता त्या लोंढ्यात आणखी एक कष्टकरी स्त्री ठळकपणे दिसू लागली आहे. तिच्या पिशवीत डबा असतो, बदलायला एक गाऊन असतो आणि असलेच तर ब्युरोने दिलेले ओळखपत्र असते. कुठे निघाली विचारले तर ती म्हणते, "ड्युटीला." ही ड्युटी म्हणजे बदलापूर, कल्याण, डोंबिवली, मुलुंडच्या कुणा सुखवस्तू घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा सांभाळणे. खोपोली-चौककडची बाई असेल तर पनवेल-खारघर. बारा तासांची ड्युटी, नाहीतर चोवीस तासांची. अलीकडे कर्जतच्या फार्महाऊसांत म्हातारपण घालवायला आलेल्या मंडळींमुळे हे काम तालुक्यातही मिळू लागले आहे.

या बाया कोण आहेत? बौद्ध वस्त्यांतल्या आहेत, ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या आहेत, शेतजमीन हातची गेलेल्या आगरी-कुणबी घरांतल्या आहेत. काम काय? रुग्णाला उचलणे, कूस बदलणे, अंघोळ घालणे, डायपर बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, जखमेचा घाण कापूस उचलणे. मनुवादी व्यवस्थेने शरीराची घाण ज्यांच्या वाट्याला दिली, त्यांच्याच लेकीसुनांच्या वाट्याला ती आज 'होम केअर' अशा गोंडस नावाने आली आहे. नाव बदलले, मजुरी आली, हे आम्ही नाकारत नाही. नियमित रोख पैसा घरात येतो, पोरांची फी भरली जाते, हेही खरे. म्हणून या कामाला नाक मुरडण्याचे कारण नाही. काम करताना जे अंगावर येते त्याची जबाबदारी कोणाची, एवढाच आजचा विषय आहे.

ही बाई आणि ते सुखवस्तू घर यांच्या मध्ये ब्युरो असतो. दोन मोबाईल, एक रजिस्टर, दुकान नोंदणीचा कागद आणि भिंतीवर एखाद्या परिचारिकेचे चित्र, एवढ्या भांडवलावर धंदा सुरू होतो. कुटुंब पैसे ब्युरोकडे भरते, ब्युरो आपला वाटा कापून उरलेले बाईला देतो. बाईला नेमणूक पत्र नाही, वेतनचिठ्ठी नाही. आधार कार्डाची झेरॉक्स मात्र पहिल्याच दिवशी जमा होते. या यंत्रणेत जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली परिचारिका थोडी वरच्या पायरीवर असते. बाकीच्या सगळ्या 'मावशी'. मावशी हा शब्द प्रेमाचा खरा, पण तो वापरला की पगार कमी देता येतो, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आता या ब्युरोंच्या दारात विम्याचे एजंट येऊ लागले आहेत. धंद्यासाठी विम्याचे पॅकेज घ्या म्हणतात. धंद्याला विमा हवाच, त्यात गैर काही नाही. पण त्या पॅकेजमध्ये कोणाचे नुकसान भरून निघते, हे आमच्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. 'पब्लिक लायबिलिटी' म्हणजे आपल्या माणसाच्या हातून तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. 'प्रोफेशनल इन्डेम्निटी' म्हणजे चुकीचे औषध दिले, इंजेक्शनात चूक झाली आणि रुग्णाने दावा ठोकला तर ब्युरोच्या बाजूने कंपनी पैसे देणार. 'फिडेलिटी गॅरंटी' म्हणजे पाठवलेल्या माणसाने चोरी-अफरातफर केली तर त्याची भरपाई. याशिवाय ऑफिसला आग, संगणक, पुराचे पाणी. या सगळ्यांत रुग्णाला धरले आहे, घराला धरले आहे, मालकाला धरले आहे आणि मालकाच्या टेबलाखुर्चीलाही धरले आहे. बाई यात फक्त एका रूपात येते, जिच्या हातून नुकसान होईल अशी धोकादायक वस्तू म्हणून!

फिडेलिटीचेच पाहा. घरातली चेन सापडेनाशी झाली की पहिली झडती मावशीच्या पिशवीची होते. ती कुठल्या वस्तीतून येते हे घराला ठाऊक असते, आणि मग संशयाला पुराव्याची गरज उरत नाही. दोन दिवसांनी चेन कपाटात उशीखाली सापडते. तोवर बाईची ड्युटी गेलेली असते. चोरी झाली तर भरपाई देणारी पॉलिसी बाजारात आहे. खोट्या आळाची भरपाई देणारी पॉलिसी आम्ही अजून पाहिलेली नाही.

नेरळच्या बाजूच्या एका वस्तीतली आमच्या ओळखीची एक ताई अशीच ड्युटीला जात होती. पक्षाघाताच्या, अंगाने जड असलेल्या रुग्णाला न्हाणीघरातून उचलताना तिचा पाय सरकला. रुग्ण तिने पडू दिला नाही. ती स्वतः मात्र पाठीवर पडली. मणक्याला मार बसला, डॉक्टरांनी तीन महिने उठायला मनाई केली. घरच्यांनी रिक्षाचे पैसे दिले आणि ब्युरोला फोन करून दुसऱ्या दिवशीपासून दुसरी बाई मागवली. ब्युरोवाल्याचे उत्तर होते, "तुम्ही आमच्या स्टाफवर नाही. आम्ही फक्त काम मिळवून देतो." त्याच ब्युरोच्या पत्रकावर 'आमचा प्रशिक्षित व अनुभवी स्टाफ' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. गिऱ्हाइकासमोर स्टाफ आणि दवाखान्याच्या बिलासमोर परकी, हे या धंद्याचे खरे गणित आहे.

कायदा काय सांगतो? कामावर असताना इजा किंवा मृत्यू झाला तर मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला, पण हिशेबाची रीत संहितेने तीच ठेवली आहे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घेऊन तिला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. चाळीस वर्षे वयाला हा आकडा १८४.१७ आहे. समजा बाईचे वेतन महिना १२,००० रुपये आहे. निम्मे ६,०००. गुणाकार ११ लाख ५ हजार २० रुपये. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरायचे. काही काळ काम करता आले नाही तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के, म्हणजे आमच्या नेरळच्या ताईला याच वेतनावर महिना ६,००० रुपये, शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. तिला मिळाले काय, तर रिक्षाचे भाडे.

इजा फक्त घसरून पडण्याचीच नसते. सुई टोचून कावीळ होते, खोकणाऱ्या रुग्णाजवळ बारा-बारा तास बसून क्षय होतो. व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत आरोग्याच्या कामात संसर्गाने होणारे रोग अगदी पहिल्या क्रमांकावर आहेत. म्हणजे हा धोका कायदा करणाऱ्यांना माहीत होता. कोरोनाच्या काळात केंद्र सरकारने ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण दिले. त्यात सरकारी कर्मचारी होते, सरकारने कोविडसाठी कामाला घेतलेले खासगी कर्मचारी होते. बंद दाराआड, कुणाच्या तरी बेडरूममध्ये रुग्णाच्या उशाशी बसलेली ब्युरोची बाई त्यात बसत नव्हती. टाळ्या आणि थाळ्या मात्र तिच्यासाठीही वाजल्या असतील.

आता मेख कुठे आहे ते सांगतो. भरपाईच्या कायद्याला कामांची एक लांबलचक अनुसूची जोडलेली आहे. त्यात कारखाना आहे, बांधकाम आहे, बोटी आहेत, सर्कससुद्धा आहे. घरोघर जाऊन रुग्ण सांभाळणारी बाई तिच्यात नावानिशी नाही. दुसरी मेख म्हणजे मालक कोण? कुटुंब म्हणते आम्ही ब्युरोकडून माणूस घेतला. ब्युरो म्हणतो आम्ही मध्यस्थ. कंत्राटदाराच्या माणसाला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारे कलम आहे, पण ते मूळ मालकाच्या धंद्याच्या कामापुरते. म्हातारी आई सांभाळणे हा कुणाचा धंदा नसतो, त्यामुळे घर सुटते. मग ब्युरोही सुटला की बाई उघडी पडते.

तुलना करून पाहा. सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक पाठवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तर १९८१ पासून खासगी सुरक्षारक्षकांचा स्वतंत्र कायदा आहे, मंडळ आहे. त्याआधी १९६९ मध्ये माथाडींचा कायदा झाला. गेट राखणाऱ्याला कायदा आहे, ओझे उचलणाऱ्याला कायदा आहे. त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर जिवंत माणूस उचलणाऱ्या बाईला पाठवणाऱ्या ब्युरोसाठी आपल्या राज्यात असा स्वतंत्र परवान्याचा कायदा नाही. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण ते मंडळ वर्षानुवर्षे निष्क्रिय राहिले. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास केंद्राला सांगितले. त्या प्रकरणातली घरकामगार स्त्रीही एका एजन्सीमार्फतच कामाला लागलेली होती.

प्रवासाचाही प्रश्न आहे. आमच्या बाईची अर्धी जोखीम रुग्णाच्या घरात आणि अर्धी रस्त्यावर. खोपोलीहून निघालेली बाई कर्जतला गाडी बदलते, गर्दीत दाराशी लटकते, रात्री शेवटची खोपोली लोकल चुकली तर कर्जत स्टेशनवर बसून राहते. चौक-खालापूरची बाई विक्रम नाहीतर मॅजिकमध्ये कोंबून हायवेने जाते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे बळी गेले, ते सर्वांनी पाहिले. ड्युटीवर जाताना मेलेला माणूस कामावर मेला की नाही?

या प्रश्नावर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका कुटुंबाला बावीस वर्षे झगडावे लागले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीवर मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे विधवा, मुले आणि आई. नुकसानभरपाई आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये मंजूर केले. विमा कंपनी म्हणाली, तो कामावर पोहोचलाच नव्हता. २०११ मध्ये उच्च न्यायालयात कंपनी जिंकली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. घरातून कामावर जाताना आणि कामावरून परतताना झालेला अपघात, त्याचा कामाच्या वेळेशी व जागेशी संबंध असेल तर, कामावरचाच अपघात धरला जाईल असे सांगितले. नव्या संहितेत तर तसे स्पष्ट लिहिलेच आहे. ही तरतूद कर्जत-खोपोलीच्या बायांनी पाठ करून ठेवावी अशी आहे.

जाता जाता एक गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आणि रुग्णसेवकही आहेत. त्या देशात कामगार अपघात विम्याचा कायदा १८८४ चा, आणि कामावर जाण्या-येण्याच्या वाटेवरचा अपघात त्यात १९२५ पासून धरला जातो. म्हणजे आपली मुलगी स्टुटगार्टला गेली तर दाराबाहेर पाऊल टाकताच तिचा विमा सुरू. तीच मुलगी भिवपुरी रोड स्टेशनवर उभी असेल तर शंभर वर्षे थांबायचे!

बाबासाहेबांनी हा प्रश्न कधीच ओळखला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती. विमा ही दानधर्माची नव्हे तर हक्काची बाब त्यांनी मानली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे. पुढे 'खाउजा'चे वारे आले. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले, परकीय भांडवलाची मर्यादा २६ वरून २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर नेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती १०० टक्के करणारे विधेयक मंजूर केले. आता कंपनी जिथे हप्ता आहे तिथेच जाणार. मावशीकडे हप्ता कुठला?

कुणी म्हणेल, पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे की! आहे, आणि बँक खाते असलेल्या प्रत्येक बाईने ती घ्यावीच. वर्षाला २० रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. पण दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक हात किंवा पाय किंवा डोळा गेला तर १ लाख, असे तिचे माप आहे. मणका सरकून तीन महिने घरी बसलेल्या बाईला त्यात छदाम नाही. आणि या धंद्यात हात-पाय तुटण्यापेक्षा पाठच जास्त जाते. शिवाय हे २० रुपये बाईच्या खिशातून जातात, जिच्या श्रमावर धंदा चालतो त्या ब्युरोच्या नव्हे.

आता थोडे आपल्या माणसांशी बोलायचे आहे. आपल्या समाजातली शिकलेली मुले-मुली या धंद्यात उतरू लागली आहेत. जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेल्या, दहा वर्षे मावशी म्हणून राबलेल्या बाया स्वतःचा ब्युरो काढण्याची भाषा बोलू लागल्या आहेत. आम्हाला याचा आनंद आहे. स्टँड-अप इंडियाचे १० लाख ते १ कोटीचे कर्ज अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी २०१६ मध्ये याच हेतूने सांगितले गेले. पण आपला माणूस गादीवर बसला आणि तोही "तुम्ही आमच्या स्टाफवर नाही" म्हणू लागला, तर बाईच्या लेखी फरक काय पडला? ब्युरोच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असला म्हणून मणक्याचे दुखणे थांबत नाही.

परवडत नाही ही सबब आम्ही ऐकली आहे. हिशेबच करू. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला राज्य कामगार विमा लागू होतो. २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहे. महिना १२,००० वेतनावर मालकाचे ३९० रुपये आणि बाईचे ९०. मालकाला दिवसाला तेरा रुपये! एवढ्यात तिला दवाखाना, आजारपणाची भरपाई, बाळंतपणाचा लाभ आणि कामावर मृत्यू झाला तर वारसांना निवृत्तिवेतन. ज्या ब्युरोच्या रजिस्टरवर चाळीस बायांची नावे आहेत आणि जो 'स्टाफ नाही' म्हणून ही नोंदणी टाळतो, तो तेरा रुपयांसाठी टाळतो. हे त्याच्या तोंडावर सांगण्याची हिंमत आमच्या कार्यकर्त्यांनी दाखवली पाहिजे.

दहापेक्षा कमी बाया असतील तर मालकाने कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी घ्यावी, आणि पॅकेजमधली ती पहिली असावी. आगीची आणि संगणकाची नंतर. ती घेताना एजंट स्वस्तात बसवून देतो म्हणून कामाचे वर्णन 'ऑफिस स्टाफ' असे लिहितो. तसे लिहू देऊ नका. 'रुग्णाच्या घरी जाऊन सेवा' असेच लिहून घ्या. अनुसूचीत नाव नसलेल्या कामगारांसाठीही मालकाची जबाबदारी विम्याखाली घेता येते, तसा उल्लेख पॉलिसीत आहे का ते पाहा. उपचाराचा खर्च आणि व्यवसायजन्य रोग हे दोन्ही बहुधा जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागतात. सुई टोचण्याच्या धंद्यात ते वगळून काय उपयोग? हप्ता वाचवण्यासाठी बारा बायांच्या जागी पाच दाखवल्या, १२,००० च्या जागी ६,००० वेतन दाखवले, तर दाव्याच्या वेळी कंपनी नेमके तेच पुढे करते. भरपाई देण्यास उशीर केल्याचा दंड तर मालकाच्याच खिशातून जातो. तो विमा कंपनीवर टाकता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या प्रकरणात १९९७ मध्येच सांगून ठेवले आहे.

आणि बायांनी काय करावे? ड्युटी सुरू होण्याआधी ब्युरोकडून एक कागद मागावा. आपले नाव, ब्युरोचे नाव, रुग्णाच्या घराचा पत्ता, ड्युटीची वेळ, ठरलेले वेतन, तारीख आणि सही. कागद देत नसतील तर हेच मोबाईलवर संदेशाने विचारावे आणि आलेले उत्तर पुसू नये. पगार रोख न घेता खात्यावर घ्यावा. लोकलचा पास जपून ठेवावा. गाडीतून पडून मृत्यू झाला तर रेल्वेकडून २०१७ पासून ८ लाखांची भरपाई आहे, पण तिकीट-पास नसेल तर वारसांना दारोदार फिरावे लागते. इजा झाली तर दवाखान्याच्या केसपेपरवर 'घरी पडली' असे लिहू देऊ नये. कुठे, कोणाकडे कामावर असताना पडली ते डॉक्टरांना सांगून लिहून घ्यावे. नंतर सगळा दावा त्या एका ओळीवर उभा राहतो.

खोपोली, कर्जत, नेरळच्या विहारांत पौर्णिमेला महिला मंडळे जमतात. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर कोणत्या बाया कोणत्या ब्युरोकडे जातात याची एका वहीत यादी करावी, आणि एकाच ब्युरोकडे दहा नावे भरली की त्या दहाजणींनी मिळून राज्य कामगार विम्याच्या नोंदणीचा क्रमांक त्या ब्युरोकडे लेखी मागावा.